बॉल पायथन सात आठवडे खात नाहीये, काय चुकतंय माझं?

रात्रपाळी:
नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, कारण आता जीव खालीवर व्हायला लागलाय.

माझ्याकडे बॉल पायथन जातीचा साप आहे. नर, अडीच वर्षांचा, नाव गोटी. हातात घेतला की लगेच गोल व्हायचा, म्हणून गोटी. अगदी पिल्लू होता तेव्हापासून माझ्याकडे आहे आणि खाण्यावरून त्याने कधीच त्रास दिला नाही. दर बारा-पंधरा दिवसांनी फ्रीजरमधला उंदीर वितळवून, गरम करून चिमट्यात धरायचो, गोटी झडप घालून घेऊन जायचा. गेले सात आठवडे सगळं बंद. सहा वेळा देऊन पाहिलं. पहिल्या दोन वेळा निदान जीभ लवलवत जवळ आला, वास घेतला आणि मान मागे घेतली. आता तर चिमटा दिसला तरी डोकं वेटोळ्यात खुपसून बसतो.

शेवटचं खाल्लं तेव्हा वजन ९१० ग्रॅम होतं, काल ८७२ भरलं.

बदल एकच झालाय. नऊ आठवड्यांपूर्वी त्याला प्लास्टिकच्या जुन्या खोक्यातून चार फुटी काचेच्या टाकीत हलवलं. मला वाटलं, मोठी जागा मिळाली की खूश होईल. खाली नारळाच्या भुश्श्याचा थर आहे, मधोमध एक लपायची जागा आहे, पाण्याचं भांडं आहे, एका टोकाला खाली हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) आहे. काचेवर चिकटवलेला तापमानाचा काट्याचा मीटर ३० अंश दाखवतो. रात्री तो कोपऱ्याकोपऱ्यात नाक घासत फिरतो, नाकाच्या टोकावरचा एक खवला घासून पांढरा पडलाय.

एक मित्र म्हणतो तोंड उघडून भरव, दुसरा म्हणतो जिवंत उंदीर सोड. मला दोन्हीची भीती वाटते. रात्री दोन-तीनदा उठून टॉर्च मारून बघतो की श्वास चालू आहे ना. कृपया कोणीतरी सांगा.

मक्याचा साप:
मीटर काचेवर आहे म्हणजे तो काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतोय. गोटी राहतो जमिनीवर. शिवाय काट्याचे मीटर चार-पाच अंश सहज चुकतात. आधी प्रोबवाला, म्हणजे वायरच्या टोकाला तापमान मोजणारा सेन्सर असलेला डिजिटल मीटर घ्या, प्रोब लपायच्या जागेच्या आत भुश्श्यावर ठेवा आणि तो आकडा इथे टाका. आणि मॅटला थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला मॅट चालू-बंद करणारं यंत्र) आहे का नाही, ते लिहिलेलंच नाही तुम्ही. डोळे दुधाळ झालेत का, तेही बघा. कात टाकायच्या आधी बरेच साप खात नाहीत.

जुनी कात:
रात्रपाळी, आधी एक करा. आज रात्री झोपा. टॉर्च मारायची नाही.

माझ्याकडे सतरा वर्षांपासून बॉल पायथन आहे, मादी, शेवंती. एकदा ती पाच महिने उपाशी होती. त्या पाच महिन्यांत मी तिच्यापेक्षा जास्त वाळले. तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचं वजनाचं गणित बघू. ३८ ग्रॅम गेले, म्हणजे चार टक्क्यांच्या थोडं वर, सात आठवड्यांत. मोठ्या झालेल्या बॉल पायथनसाठी ही घाबरण्याची गोष्ट नाही. त्यातून तुमचा नर आहे. माद्या शोधायचे दिवस आले की नर महिनोन्महिने भक्ष्याकडे बघत नाहीत. हा प्राणीच सावकाश जगणारा आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात एका बॉल पायथन मादीने २०२० साली सात अंडी घातली, तेव्हा तिचं वय ६० च्या पुढे असल्याचा अंदाज होता आणि किमान पंधरा वर्षं तिच्याजवळ एकही नर नव्हता. इतकी वर्षं जगणाऱ्या जनावराच्या हिशेबात सात आठवडे म्हणजे फार मोठा काळ नव्हे.

पण उपास चालतो म्हणून कारण शोधायचं नाही असं नाही. कारण बहुतेक तुमच्याच पोस्टमध्ये आहे.

हे साप मूळचे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले. दिवस घालवतात उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात. चारही बाजूंनी माती अंगाला लागते तेव्हा त्यांना बरं वाटतं. जुन्या खोक्यात गोटीला तसं वाटत होतं, कारण खोकं छोटं होतं, भिंती अपारदर्शक होत्या. आता त्याला चारी बाजूंनी उघड्या मैदानात आणून ठेवलंय. मोठी टाकी वाईट नाही हो, मोकळी टाकी वाईट. मोठी जागा द्याच, पण ती भरून द्या.

तीन बाजूंच्या काचांना बाहेरून पुठ्ठा लावा. लपायच्या जागा दोन करा, दोन्ही सारख्या, एक गरम टोकाला आणि एक थंड टोकाला. आता एकच आहे आणि तीही मधोमध, म्हणजे त्याला ऊब हवी असेल तर उघड्यावर यावं लागतं आणि लपायचं असेल तर ऊब सोडावी लागते. आम्ही दोन पर्यायांतून निवड करतो, साप करत नाही, तो लपूनच बसतो आणि गारठतो. लपण किती मोठं असावं? वेटोळं घालून बसल्यावर दोन्ही कुशी आणि पाठ भिंतींना टेकली पाहिजे. मधल्या मोकळ्या जागेत बुचाच्या सालीचे तुकडे, खोट्या वेली, फांद्या, काहीही टाका, फक्त त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडोशाआडोशाने जाता आलं पाहिजे. रात्री कोपऱ्यात नाक घासणं म्हणजे तो बाहेरची वाट शोधतोय. आडोसा मिळाला की हे थांबतं, माझ्या अनुभवात तरी थांबलंय.

तापमानाचं मक्याचा साप यांनी बरोबर विचारलं. गरम टोकाच्या लपणाखाली जमीन ३१-३२ हवी, थंड टोकाला २५-२६, रात्रीही २४ च्या खाली जाऊ देऊ नका. सापाच्या पोटातली भट्टी बाहेरच्या उबेवर चालते. गार अंगाने उंदीर गिळला तर तो पचण्याआधी आत सडायला लागतो, मग साप तो ओकून टाकतो आणि त्यात फार खंगतो. म्हणून गारठलेला साप खात नाही तेव्हा तो हट्ट करत नसतो, स्वतःला सांभाळत असतो. बर्मी अजगरांवर झालेला अभ्यास मी वाचलाय, उपाशी असताना त्यांचं आतडं आक्रसतं आणि भक्ष्य गिळल्यावर एक-दोन दिवसांत लहान आतड्याचं वजन जवळपास दुप्पट होतं. एवढी यंत्रणा उभी करायची तर हाताशी ऊब हवी, हे सापाच्या अंगालाच ठाऊक असतं.

आता थर्मोस्टॅट. हे मी माझ्या चुकीतून शिकले, म्हणून जरा थांबून सांगते.

शेवंती आल्याच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे मॅट होती, थर्मोस्टॅटही होता. पण त्याचा प्रोब मी टाकीत नुसता ठेवला होता, चिकटवला नव्हता. ती रात्री फिरताना तो सरकला आणि पाण्याच्या भांड्याखाली जाऊन बसला. थर्मोस्टॅटला वाटलं टाकी गार आहे, तो मॅट तापवत राहिला. सकाळी मी तिला उचललं तेव्हा पोटाखालचे मोठे आडवे खवले हाताला ओलसर लागले. उजेडात धरून पाहिलं तर ओळीने सहा-सात खवले गुलाबी-तपकिरी झालेले, कडा उचललेल्या, मधून पाणी सुटलेलं. आणि ती जागेवरून हललीसुद्धा नव्हती! पोटाखालचं चटका देणारं तापमान सापांना वेळेवर कळत नाही, ते पोळलेल्या जागेवरच पडून राहतात. डॉक्टरांकडे नेलं, मलम, रोज कागद बदलणं, सगळं केलं. तीन काती टाकल्यावर ते खवले सारखे झाले. डावीकडे दोन खवल्यांची कड आजही वाकडी आहे, बोटाला लागते.

तेव्हापासून माझा प्रोब मॅट आणि टाकीच्या तळाच्या मधे पक्का चिकटवलेला असतो, दुसरा मीटर आत असतो आणि रोज सकाळी चहाआधी मी हाताचा तळवा त्या जागेवर ठेवते. तळव्याला कढत लागलं तर सापाला पोळतंय. तुमच्याकडे थर्मोस्टॅट नसेल तर तो येईपर्यंत मॅट बंद ठेवा, खोली उबदार ठेवा.

तोंड उघडून भरवायचं अजिबात नाही. तोंडाला, घशाला इजा होते आणि जनावर इतकं धास्तावतं की पुढचे दोन महिने आणखी जातात. ते काम डॉक्टरांचं आणि तेही अगदी शेवटचं. डॉक्टरांकडे कधी जायचं ते सांगते. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, पाठीचा कणा वर धारेसारखा दिसायला लागला, नाकातोंडातून फेस किंवा बुडबुडे आले, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला, किंवा मान वर करून तोंड उघडं ठेवून बसला तर वाट बघू नका. सापाला खोकता येत नाही, छातीत साठलेलं त्याला बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे छातीचा आजार त्यांच्यात पटकन वाढतो.

यातलं काही नसेल तर टाकी नीट करा आणि दहा दिवस त्याच्या वाटेला जाऊ नका. हात लावायचा नाही, वजन करायचं नाही, चिमटा दाखवायचा नाही. फक्त पाणी बदला. सहा वेळा दिलंत ना, प्रत्येक वेळी त्याला शिकवलंत की चिमटा म्हणजे कटकट.

काळोख:
मी तरी असं सगळं करत बसलो नाही. माझा खात नव्हता तेव्हा जिवंत उंदीर सोडला, दहा मिनिटांत गिळला. सापाचा निसर्गच तो.

मक्याचा साप:
काळोख, तुमचं नशीब चांगलं. माझ्याकडे एक कॉर्न स्नेक दुसऱ्यांकडून आला, त्याच्या मानेमागे बोटाच्या पेराएवढी जागा अशी आहे की तिथे खवले परत आलेच नाहीत. आधीच्या मालकाने रात्री जिवंत उंदीर आत सोडला आणि झोपायला गेला. सापाला भूक नव्हती, उंदराला होती. मोकळ्या रानात साप निघून जाऊ शकतो, पेटीत कुठे जाणार? जो साप आधीच भेदरून डोकं लपवतोय त्याच्यासमोर तर हे नकोच.

काळोख:
मी समोर बसून होतो, पण मान्य. हा साप घाबरलेला आहे हे मी नीट वाचलं नव्हतं.

रात्रपाळी:
सगळ्यांचे मनापासून आभार. डिजिटल मीटर आणला. गरम टोकाला भुश्श्यावर २७, थंड टोकाला २३, आर्द्रता ३८ टक्के. काट्याचा मीटर तेव्हाही ३० वरच! थर्मोस्टॅट होता, पण प्रोब बाहेरच्या बाजूला मॅटच्या कडेला लोंबत होता. मॅटवर भुश्श्याचा थरही चार बोटं जाड होता, त्यामुळे ऊब वर येतच नव्हती. ताई, तुमचं वाचून लगेच प्रोब चिकटवला, थर पातळ केला. आता लपणाखाली ३१.५ येतंय. तीन बाजूंना पुठ्ठा लावला, दुसरं लपण ठेवलं.

एक गोष्ट मात्र हे करताना दिसली. त्याचा डावा डोळा उजव्यासारखा चकाकत नाही, मळकट दिसतो आणि वर बारीक सुरकुती आहे. मागची कात तुकड्यातुकड्यांत निघाली होती. ती डोळ्यावर अडकली असेल का? कापसाने किंवा चिमट्याने हलकेच काढू का?

जुनी कात:
नाही! हात लावू नका.

सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि प्रत्येक कातेबरोबर त्याचं वरचं साल निघून येतं. जुनं साल अडकलंय असं समजून लोक चिमट्याने ओढतात आणि त्याबरोबर खालचा खरा खवला निघून येतो. मग डोळा वाचवणं अवघड होतं. अडकलेलं साल बहुतेक वेळा पुढच्या कातेबरोबर निघून जातं, फक्त ओलावा हवा. ३८ टक्क्यांवर कात तुकड्यांतच निघणार. ६० च्या आसपास आणा, डोळे दुधाळ झाले की थोडं आणखी वर.

झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा घ्या, बाजूला तो जाईल एवढं गोल भोक पाडा, कड घासून गुळगुळीत करा. आत स्फॅग्नम शेवाळ ओलं करून, घट्ट पिळून भरा. पाणी टपकायला नको, हाताला दमट लागलं की पुरे. डबा टाकीच्या गरम अर्ध्यात ठेवा. कात टाकायची वेळ आली की तो स्वतःच त्यात जाऊन बसेल. संपूर्ण टाकी मात्र ओली करू नका, सतत ओल्यावर राहिलं तर पोटाखालचे खवले खराब होतात.

पुढची कात निघाली की ती फेकायच्या आधी तोंडाकडचा भाग उजेडासमोर धरा. डोळ्यांच्या जागी दोन गोल, स्वच्छ भिंगं दिसली पाहिजेत, घड्याळाच्या छोट्या काचेसारखी. एकच दिसलं तर दुसरं अजून डोळ्यावर आहे. दोन कातींनंतरही तसंच राहिलं तर डॉक्टर.

दहा दिवस झाल्यावर भरवायचं कसं तेही आताच लिहून ठेवते. नेहमीपेक्षा एक आकार लहान उंदीर घ्या. आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा, दुसऱ्या रात्री पिशवीत बंद करून कढत पाण्यात. मायक्रोवेव्ह नको, कुठे शिजतो, कुठे बर्फच राहतो. ३८ अंशांच्या जवळ हवा, डोक्याकडे जरा जास्तच. यांच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात, अंधारात ते त्यानेच नेम धरतात. बाहेर काढून कोरडा पुसा. खोलीतले दिवे बंद. चिमट्याने मागून धरा आणि जमिनीलगत लपणाच्या तोंडासमोरून हळू न्या, उंदीर चालतो तसा. वरून आणू नका, वरून येणारी गोष्ट सापासाठी शत्रूच. दोन मिनिटांत घेतला नाही तर तिथेच ठेवा, निघून जा, सकाळी उचलून टाका. मग पुढचे दहा दिवस परत नाव काढायचं नाही.

रात्रपाळी:
समजलं. दहा दिवसांनी लिहितो.

रात्रपाळी:
खाल्लं!!

दहाव्या दिवशी दिलं तेव्हा घेतलं नव्हतं, पण डोकं लपवलं नाही, नुसतं बघत बसला. मी ठेवून निघून आलो, सकाळी उंदीर तसाच. मन घट्ट करून आणखी दहा दिवस गेलो नाही जवळ. मधे एवढंच पाहिलं की रात्रीचं नाक घासणं बंद झालंय आणि तो दोन्ही लपणांत आलटून पालटून बसतोय.

काल रात्री दिवे बंद केले, बाजूच्या खोलीतला उजेड थोडा येत होता. गोटीचं डोकं गरम लपणाच्या तोंडाशी होतं, फक्त नाक बाहेर. उंदीर समोरून नेला. आधी काहीच नाही. मग जीभ बाहेर आली, पण नेहमीसारखी भरभर नाही, एकदा सावकाश वर, सावकाश खाली. मान हळूहळू मागे गेली आणि इंग्रजी एससारखी वळली. मी श्वास रोखून धरला होता. दुसऱ्यांदा नेला आणि चिमटा हातातून हिसकला गेला, इतकंच कळलं. कधी झेपावला ते दिसलंच नाही. तीन विळखे. दहाएक मिनिटांनी विळखे सैल केले आणि नाकाने चाचपडत डोक्याची बाजू शोधायला लागला. मी तिथून उठून बाहेर आलो, दार लोटलं. अर्ध्या तासाने पाहिलं तर मधोमध फुगवटा घेऊन लपणात परत गेला होता.

खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. ताई, दादा, तुमचे उपकार.

आता दोन प्रश्न. वजन कधी करू? आणि परत हातात कधी घेऊ? तीन आठवड्यांत एकदाही हात लावलेला नाही.

मक्याचा साप:
वा! मस्त बातमी.

जुनी कात:
किती बरं वाटलं वाचून. शेवंतीला सांगितलं मी.

निदान दोन दिवस हात नको. फुगवटा दिसतोय तोवर तर नकोच, भरल्या पोटी उचललं की ओकतात, आणि एकदा ओकलं की दोन आठवडे पोटाला विश्रांती द्यावी लागते. म्हणजे आपण परत तिथेच. विष्ठा केली की मग वजन करा, तोच खरा आकडा. पुढचं खाणं दोन आठवड्यांनी, तेवढाच लहान उंदीर, याच जागी, याच वेळी. असं लागोपाठ तीनदा खाल्लं की मग नेहमीचा आकार आणि मग हातात घ्या, आधी पाच मिनिटं.

एक वही करा. खाल्लं ती तारीख, वजन, कात, दोन्ही टोकांचं तापमान. माझ्या वहीत शेवंतीचा तो पाच महिन्यांचा उपास आहे, आणि पुढच्या वेळी ती अडली तेव्हा ती पानं बघूनच मी शांत राहिले.

आणि कात टाकली की डावं भिंग शोधा. सापडलं की इथे लिहा, मी वाट बघतेय.